रीफ टँकमधला एलईडी प्रकाश: टक्केवारी सोडा, मोजमाप धरा

घरी रीफ टँक, म्हणजे कोरल (प्रवाळ) वाढवण्याचा खाऱ्या पाण्याचा टँक, ठेवणाऱ्या माणसाने नवा एलईडी दिवा आणला की त्याचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: निळा किती टक्क्यांवर ठेवू आणि पांढरा किती? ज्याला विचारावे तोही मोकळ्या मनाने आकडा सांगून टाकतो, कारण त्याच्या स्वतःच्या टँकमध्ये त्या आकड्यावर सारे सुरळीत चाललेले असते. अडचण अशी की दिव्याच्या अ‍ॅपमधली टक्केवारी त्या दिव्याच्या कमाल क्षमतेचा हिस्सा सांगते, कोरलच्या अंगावर किती प्रकाश उतरतो ते सांगत नाही. दिवा पाण्यापासून ६ इंचांवर टांगला आहे की १२ इंचांवर, त्याची भिंगे रुंद कोनाची आहेत की अरुंद, कोरल वाळूवर आहे की खडकाच्या माथ्यावर, यांपैकी एक गोष्ट बदलली तरी त्याच ६० टक्क्यांचा अर्थ बदलतो. म्हणून प्रकाश पाण्याखाली, कोरल जिथे बसले आहे त्याच जागी मोजावा लागतो, आणि तो कसा मोजावा हे या लेखात सविस्तर सांगितले आहे.

हे मी ठेच लागल्यावर शिकलो. न्यू जर्सीतल्या आमच्या घराच्या तळघरात ७५ गॅलनचा टँक आहे, ४८ इंच लांब, १८ इंच रुंद आणि २१ इंच उंच. त्यावर पूर्वी टी-फाइव्ह ट्यूबलाइटच्या नळ्या होत्या. त्या काढून एलईडी बसवले तेव्हा टँक निळसर आणि मंद दिसू लागला, म्हणून मी डोळ्यांना बरे वाटेपर्यंत टक्केवारी चढवत नेली. आठवड्याभरात वरच्या खडकावरचे मोंटिपोरा जातीचे कोरल पांढरे पडले. पुढे प्रकाशाचा मीटर हाती आला आणि त्याच जागी मोजले, तेव्हा आकडा ४०० च्या वर निघाला, म्हणजे या कोरलला मानवणाऱ्या प्रकाशाच्या बराच पुढे. हातच्या कांकणाला आरसा कशाला, असे आपण म्हणतो, पण निळ्या प्रकाशाच्या बाबतीत डोळ्यांवर विसंबणे महागात पडते.

मोजायचे काय

कोरलच्या ऊतींमध्ये झूझँथेली नावाचे एकपेशीय शैवाल राहते आणि प्रकाशसंश्लेषण करून कोरलला त्याच्या अन्नाचा मोठा वाटा पुरवते. प्रकाशसंश्लेषणात हिशोब फोटॉनांच्या संख्येचा असतो, म्हणून आपल्यालाही फोटॉनच मोजायचे आहेत. ४०० ते ७०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या पट्ट्यातले किती फोटॉन एका चौरस मीटरवर एका सेकंदात पडतात ते मायक्रोमोलमध्ये मोजले जाते, आणि या मापाला छंदवाल्यांच्या बोलीत ‘पार’ म्हणतात. मराठी माणसाच्या डोळ्यांपुढे या शब्दाने गावातला वडाचा पार उभा राहिला तर त्याचा दोष नाही, पण इथला पार ही इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांची जुळणी आहे. अंदाज यावा म्हणून एक आकडा लक्षात ठेवावा: स्वच्छ आकाशात उन्हाळ्याच्या भर दुपारी उघड्यावर सुमारे २,००० मायक्रोमोल पार असतो. घरच्या टँकमधले बहुतेक कोरल याच्या दहाव्या भागावर समाधानी असतात.

फोनमधले प्रकाशमापक अ‍ॅप किंवा स्वस्तातला लक्समापक यावर का भागत नाही, हे नीट समजून घेण्यासारखे आहे, कारण फसगत नेमकी इथेच होते. लक्स हे माप माणसाच्या डोळ्याला प्रमाण मानून ठरवलेले आहे. आपला डोळा ५५५ नॅनोमीटरच्या हिरवट पिवळ्या प्रकाशाला सर्वांत जास्त दाद देतो आणि रीफच्या दिव्यांचा कणा असलेल्या ४५० नॅनोमीटरच्या निळ्याला त्याच्या चार टक्केही देत नाही. फोटॉनांची संख्या सारखी धरून हिशोब केला तर ५५५ नॅनोमीटरचा १ मायक्रोमोल प्रकाश सुमारे १४७ लक्स दाखवतो, तर ४५० नॅनोमीटरचा १ मायक्रोमोल जेमतेम ७ लक्स. म्हणजे कोरलवर २०० मायक्रोमोल निव्वळ निळा प्रकाश पडत असेल तर लक्समापक सुमारे १,४०० वर थांबेल. सूर्यप्रकाशासाठी लक्सला ५४ ने भागून पार काढण्याचे एक सूत्र प्रचलित आहे. ते इथे लावले तर उत्तर २६ येते आणि ‘प्रकाश फारच कमी आहे’ असे समजून आपण दिवा आणखी चढवतो. माझ्या डोळ्यांनी मोंटिपोराच्या बाबतीत हाच चुकीचा हिशोब केला होता.

लक्समापक अगदी टाकाऊ आहे असे मात्र नाही. दिवा तोच आणि रंगांचे प्रमाण तेच असेल, तर महिन्यापूर्वीच्या तुलनेत प्रकाश घटला का, एवढे तो सांगू शकतो. गोड्या पाण्यातल्या वनस्पतींचे टँक ठेवणाऱ्या पुण्यामुंबईच्या मंडळींना तर तो बऱ्यापैकी उपयोगी पडतो, कारण त्यांचे दिवे पांढरे असतात आणि पांढऱ्या एलईडीच्या लक्सला साधारण ७० ने भागले की पारचा कामचलाऊ अंदाज मिळतो. निळ्याचे प्रमाण मोठे असलेल्या रीफच्या दिव्यांना असा एकच भाजक लावता येत नाही, कारण निळ्या आणि पांढऱ्या चॅनेलचे (दिव्यातल्या एकेका रंगाच्या गटाचे) प्रमाण बदलले की भाजकही बदलतो.

मीटर कोणता, आणि १.३२ चा घोळ

या छंदात सर्वाधिक वापरले जाणारे मीटर अमेरिकेतल्या युटा राज्यातील अपोजी कंपनीचे आहेत. त्यांचा जुना एमक्यू-२०० अजूनही अनेकांकडे आहे. त्याचा सेन्सर साधारण ४१० ते ६५५ नॅनोमीटरमध्येच नीट चालतो, त्यामुळे ज्या दिव्यांत ४०० ते ४२० नॅनोमीटरचे जांभळे एलईडी बरेच आहेत त्यांचा प्रकाश तो कमी दाखवतो. या मीटरवर सूर्य आणि विद्युत दिवा असे दोन पर्याय असतात, त्यांतला विद्युत दिव्याचा निवडावा. नंतर आलेल्या एमक्यू-५०० आणि एमक्यू-५१० यांचा सेन्सर सुमारे ३८९ ते ६९२ नॅनोमीटरपर्यंत पोहोचतो आणि एलईडीसाठी तोच घ्यावा असे माझे स्पष्ट मत आहे. यांपैकी एमक्यू-५१० खास पाण्याखालच्या वापरासाठी आहे. सेनाय या ब्रिटिश कंपनीचे रीफसाठीचे उपकरण पाण्याच्या इतर तपासण्यांबरोबर पारही दाखवते. एका टँकमधले बदल टिपण्यासाठी ते पुरते, मात्र त्याचा आकडा अपोजीच्या आकड्याशी ताडून पाहिल्याशिवाय दुसऱ्याच्या टँकशी तुलना करू नये.

एमक्यू-५१० ची किंमत ५०० डॉलरच्या पुढे जाते आणि तो वर्षातून दोनतीनदाच लागतो, म्हणून विकत घेण्याची घाई करू नये. अमेरिकेत अनेक ठिकाणच्या रीफ क्लबांकडे सभासदांना आळीपाळीने देण्यासाठी मीटर असतो आणि काही दुकाने तो चार दिवसांच्या भाड्यानेही देतात. हा लेख वाचून एका शनिवार-रविवारचे नीट नियोजन केले तर चार दिवस पुरून उरतात.

आता सर्वांत जास्त चुका जिथे होतात तो मुद्दा. सेन्सरच्या टोकावर प्रकाश विखुरणारी एक पांढरट टोपी असते. हवेत असताना त्या टोपीत विखुरलेला बराच प्रकाश आतच परावर्तित होऊन खालच्या डिटेक्टरपर्यंत पोहोचतो. पाण्याचा अपवर्तनांक मात्र टोपीच्या अपवर्तनांकाला हवेपेक्षा जवळचा असल्याने पाण्याखाली त्यातला जास्त प्रकाश बाहेर निसटतो आणि आकडा खऱ्यापेक्षा कमी येतो. यासाठी एक गुणक ठरवलेला आहे: एमक्यू-२०० च्या सेन्सरसाठी १.०८ आणि एमक्यू-५०० च्या सेन्सरसाठी १.३२. एमक्यू-५०० पाण्यात बुडवून १९० वाचले असेल तर खरा पार १९० गुणिले १.३२, म्हणजे सुमारे २५१ असतो. एमक्यू-५१० मात्र हा गुणाकार आतल्या आत स्वतःच करतो, तेव्हा त्याच्या आकड्याला पुन्हा १.३२ ने गुणू नये. उलट तोच मीटर हवेत धरला तर तो आकडा फुगवून दाखवेल, तिथे १.३२ ने भागावे. मीटर उसना आणला असेल तर मॉडेलचा क्रमांक वहीच्या पहिल्या ओळीत लिहून ठेवावा, नाहीतर सहा महिन्यांनी ते आकडे गुणलेले होते की बिनगुणलेले हे सांगता येणार नाही.

उसना मीटर कितपत खरा आहे, हे तपासण्याचा एक सोपा मार्ग आहे. स्वच्छ आकाशाच्या दिवशी सूर्य माथ्याजवळ असताना सेन्सर उघड्यावर अगदी सपाट ठेवावा आणि अपोजीने संकेतस्थळावर दिलेल्या गणकयंत्रात आपले ठिकाण, वेळ, तापमान आणि आर्द्रता भरून येणाऱ्या उत्तराशी तो आकडा ताडून पाहावा. एमक्यू-५१० असेल तर वर सांगितलेला भागाकार इथे विसरू नये. तफावत फार मोठी निघाली तर मीटर पुन्हा प्रमाणित करून घेण्याची वेळ झाली असे समजावे; कंपनी स्वतः दर दोन वर्षांनी तसे करायला सांगते.

मोजण्याआधीची तयारी

मोजमापाच्या दोन दिवस आधी दिव्याची भिंगे ओल्या मऊ कापडाने पुसावीत, कारण उडालेल्या पाण्याच्या थेंबांतून जमलेला मिठाचा थर बराच प्रकाश खातो. टँकवर झाकणाची काच असेल तर तीही पुसावी, जाळी असेल तर ती जागच्या जागी ठेवूनच मोजावे, कारण कोरलला रोज जाळीतून आलेलाच प्रकाश मिळतो. पाण्यात पिवळसर छटा असेल तर ती निळा आणि जांभळा प्रकाश शोषते. सक्रिय कोळसा वापरणार असाल तर तो आधी वापरून पाणी स्वच्छ होऊ द्यावे. भिंगे आणि पाणी साफ केल्यावर कोरलवर पडणारा प्रकाश एकाएकी वाढतो, आणि हा धक्काही लहान नसतो. फार दिवसांनी सफाई केली असेल तर टक्केवारी थोडी उतरवून ठेवावी.

मोजायच्या दिवशी दिव्याच्या अ‍ॅपमध्ये दुपारच्या कमाल पातळीची सेटिंग हाताने लावून ठेवावी आणि ढग, वीज, हळूहळू चढणे-उतरणे असले सगळे देखावे बंद करावेत. एलईडी तापला की त्याचा प्रकाश किंचित घटतो, म्हणून दिवा लावल्यावर निदान २० मिनिटे थांबून मगच पहिला आकडा घ्यावा. खोलीतले दिवे मालवावेत आणि खिडकीतून ऊन येत असेल तर पडदे ओढावेत, किंवा सरळ रात्री मोजावे.

पंपांबाबत थोडा विचार करावा लागतो. वेव्हमेकर (टँकमधले पाणी हलवणारे पंप) चालू असले की पृष्ठभागावरच्या लाटा भिंगासारखे काम करतात, खडकांवर प्रकाशाच्या रेषा नाचू लागतात आणि मीटरचा आकडा एका जागी ठरत नाही. म्हणून नकाशा काढताना वेव्हमेकर बंद ठेवावेत. रिटर्न पंप (खालच्या साठवणीच्या टँकमधून, म्हणजे संपमधून, पाणी वर आणणारा) मात्र चालूच ठेवावा. तो बंद केला की वरच्या टँकमधले पाणी खालच्या संपमध्ये उतरते, पातळी इंचभर खाली जाते आणि आपण रोजच्यापेक्षा वेगळा टँक मोजून बसतो. खाऱ्या पाण्यात हात घालण्यापूर्वी सगळी उपकरणे जीएफसीआय (विजेची गळती होताच प्रवाह तोडणाऱ्या) सॉकेटवर आहेत ना, आणि प्रत्येक वायर आधी खाली झोका घेऊन मग वर प्लगकडे जाते ना, हे एकदा पाहून घ्यावे.

चौकटी आखून मोजणे

सेन्सर हातात धरून खाली नेला तर हाताची आणि डोक्याची सावली त्यावर पडते. भाड्याच्या मीटरबरोबर बहुधा एक काठी येते, जिच्या खालच्या टोकाला सेन्सर आडवा बसतो. ती नसेल तर अर्ध्या इंचाची पीव्हीसी नळी आणि एक कोपर जोडून ती घरीच करता येते. सेन्सरचे तोंड नेहमी सरळ वर, पाण्याच्या पृष्ठभागाला समांतर असावे, कारण तो तिरका झाला तर तिरक्या कोनाचा प्रकाश चुकीच्या प्रमाणात मोजला जातो. पाण्यात बुडवताना टोपीवर हवेचा बुडबुडा चिकटला नाही ना ते पाहावे. बोटाने हलके पुसले की तो जातो.

टँकच्या वरच्या कडेवर चिकटपट्टीचे तुकडे लावून लांबीत पाच आणि रुंदीत तीन जागा ठरवाव्यात. आमच्या ४८ इंची टँकमध्ये डाव्या कडेपासून ४, १४, २४, ३४ आणि ४४ इंचांवर अशा खुणा केल्या आहेत. खोलीचे तीन स्तर घ्यावेत: खडकाच्या माथ्याची पातळी, मधली पातळी आणि वाळू. काठीवर रंगीत चिकटपट्टीने या तीन पातळ्यांच्या खुणा केल्या की दर वेळी फूटपट्टी लावावी लागत नाही. असे एकूण ४५ बिंदू होतात, त्यांतले काही खडकात जात असल्याने सुटतात. प्रत्येक बिंदूवर आकडा स्थिरावेपर्यंत पाचसात सेकंद थांबून तो वाचावा. लिहायला दुसरे माणूस बसवावे. आमच्याकडे मी आकडे ओरडतो आणि पत्नी ते वहीत आखलेल्या चौकटीत भरते, आणि एखादा आकडा शेजाऱ्यापेक्षा फारच वेगळा आला की तीच मला परत मोजायला लावते.

असा परत मोजलेला एक आकडा पहिल्या खेपेला फार उपयोगी ठरला. दोन दिव्यांच्या मधोमध, २४ इंचांच्या खुणेवर, माथ्याच्या पातळीला आकडा अचानक पडत होता. ७५ गॅलनच्या साध्या टँकला वर मधोमध प्लास्टिकची एक आडवी पट्टी असते आणि तिची सावली बरोबर तिथे पडत होती. वाळूपर्यंत जाताजाता दोन्ही दिव्यांचा प्रकाश एकमेकांत मिसळतो, त्यामुळे तिथे ती सावली जाणवतही नव्हती. डोळ्यांना यातले काहीच दिसले नव्हते, आणि माझे अ‍ॅक्रोपोरा हे भरपूर प्रकाश लागणारे एक कोरल नेमके त्या सावलीत तीन महिने तपकिरी होऊन बसले होते.

चौकटींचे आकडे झाल्यावर एकेका कोरलकडे वळावे. सेन्सर कोरलच्या सर्वांत वरच्या टोकाच्या पातळीला आणि त्याच्या अगदी शेजारी धरावा. कोरलला टेकवू नये, कारण काही एलपीएस कोरल (दगडी कोरल, ज्यांचे पॉलिप म्हणजे वसाहतीतले एकेक जीव मोठे असतात) डंख मारतात आणि मऊ ऊती सेन्सरच्या कडेने फाटतात. फांद्यांच्या कोरलमध्ये माथ्यावर ३०० असताना बुंध्याशी १०० सुद्धा नसतात, म्हणून दोन्ही ठिकाणी मोजावे. शेवटी वेव्हमेकर पुन्हा चालू करून एकदोन बिंदूंवर मिनिटभर आकड्याची वरखाल पाहावी आणि सर्वांत मोठा व सर्वांत छोटा आकडा टिपून ठेवावा. या वरखालीला घाबरण्याचे कारण नाही, नैसर्गिक रीफवरही प्रकाश असाच लवलवत असतो.

वहीत आकड्यांच्या शेजारी तारीख, दिव्याचे मॉडेल, प्रत्येक चॅनेलची टक्केवारी आणि दिव्याची पाण्यापासूनची उंची लिहिली नाही तर पुढे त्या आकड्यांचा काहीही उपयोग होत नाही. जुन्या मेटल हॅलाइड दिव्यांच्या दिवसांपासून रीफच्या दिव्यांची पद्धतशीर मोजमापे करून ती छंदवाल्यांपुढे ठेवणारे पेन्सिल्व्हेनिया राज्य विद्यापीठातील प्राध्यापक संजय जोशी यांच्या तक्त्यांतही उंची आणि मांडणी स्पष्ट दिलेली असते, ती याचसाठी.

आकड्यांचा अर्थ लावणे

मशरूम, लेदर यांसारख्या मऊ कोरलना ५० ते १०० पार पुरतो. झोअँथिड (बटणासारखे, पुंजक्यांनी वाढणारे कोरल) साधारण ७५ ते १५० मध्ये खुश असतात. युफिलिया, अकान यांसारख्या एलपीएस कोरलसाठी ७५ ते १५० ही सुरक्षित पट्टी आहे. मोंटिपोरासारखे सोपे एसपीएस (लहान पॉलिपांचे दगडी कोरल) १५० ते २५० मध्ये आणि अ‍ॅक्रोपोरा २५० ते ३५० मध्ये ठेवले जातात. हे आकडे म्हणजे छंदवाल्यांच्या अनुभवातून आलेले पल्ले आहेत, निसर्गनियम नव्हेत. एकाच जातीचे दोन फ्रॅग (वाढवण्यासाठी तोडलेले कोरलचे तुकडे) दोन वेगळ्या टँकमध्ये वाढलेले असले तर त्यांना सवयीचा प्रकाशही वेगवेगळा असतो. म्हणून फ्रॅग विकत घेताना त्याला किती पारमध्ये वाढवले आहे, हे विकणाऱ्याला आवर्जून विचारावे. जास्त प्रकाश म्हणजे जास्त वाढ हे गणितही एका मर्यादेपर्यंतच खरे आहे. त्यापुढे प्रकाशसंश्लेषणाचा वेग वाढायचा थांबतो आणि आणखी पुढे झूझँथेलीच्या यंत्रणेलाच इजा होऊ लागते.

क्षणाचा पार आणि दिवसाचा एकूण प्रकाश या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि दुसरीकडे फार थोडे लोक लक्ष देतात. समजा, एका जागी दुपारचा पार २५० आहे आणि तो आठ तास टिकतो, तर २५० गुणिले ८ गुणिले ३,६०० सेकंद असा हिशोब करून दिवसाला ७.२ मोल फोटॉन मिळतात. सकाळी दोन तास दिवा शून्यापासून सरळ रेषेत चढत असेल आणि संध्याकाळी तसाच उतरत असेल, तर या चार तासांची बेरीज पूर्ण प्रकाशाच्या दोन तासांइतकी होते आणि दिवसाची बेरीज ९ मोलवर जाते. तुलनेसाठी, उष्ण कटिबंधात स्वच्छ दिवशी समुद्राच्या पृष्ठभागावर ४० मोलच्या पुढे प्रकाश पडतो. दुपारचा पार कमी करायचा नसेल पण कोरल फिके पडत असेल, तर वेळापत्रकातला तासभर कमी करून पाहणे हा पर्याय या हिशोबामुळे सुचतो.

पारची एक मर्यादा मात्र मान्य करावी लागते. हा मीटर ४५० नॅनोमीटरचा फोटॉन आणि ५५० नॅनोमीटरचा फोटॉन सारखाच मोजतो, पण झूझँथेलीतली हरितद्रव्ये निळा प्रकाश हिरव्यापेक्षा फार अधिक शोषतात. त्यामुळे पांढऱ्या चॅनेलच्या जोरावर आलेले २०० आणि निळ्या चॅनेलच्या जोरावर आलेले २०० कोरलच्या दृष्टीने एक नसतात. निळ्याचे २०० जास्त भारी पडतात. दुसऱ्याच्या टँकचा आकडा उचलताना म्हणूनच त्याच्या रंगांचे प्रमाणही विचारावे.

दिवा वाढवताना

एकदा पूर्ण नकाशा झाला की दर वेळी ४५ बिंदू मोजण्याची गरज नसते. टँकमधली सहज पोहोचता येणारी एक जागा संदर्भबिंदू म्हणून निश्चित करावी आणि तिथे दिव्याच्या ३०, ४०, ५०, ६० आणि ७० टक्क्यांना किती पार येतो ते मीटर हाती असतानाच लिहून ठेवावे. हा चढ सरळ रेषेत असेलच असे नाही. काही दिवे सगळ्या चॅनेलमध्ये मिळून ठरावीक वीज वाटतात आणि एका चॅनेलची उरलेली वीज दुसऱ्याला देतात, त्यामुळे निळा तसाच ठेवून पांढरा कमी केला तरी निळा वाढलेला आढळतो. चॅनेलचे परस्पर प्रमाण तेच ठेवले असेल तर नकाशाचे गणित सोपे आहे: संदर्भबिंदूवर ५० टक्क्यांना २२० आणि ६० टक्क्यांना २५५ येत असतील तर गुणक १.१६ झाला, आणि नकाशातला प्रत्येक आकडा १.१६ ने गुणला की ६० टक्क्यांचा नकाशा तयार होतो. दिव्याची उंची किंवा भिंग बदलले तर हे गणित मोडते आणि सारे पुन्हा मोजावे लागते.

वाढवायचा वेग आठवड्याला १० टक्क्यांहून जास्त नसावा, आणि हे १० टक्के पारचे आहेत, अ‍ॅपमधल्या आकड्याचे नव्हेत. २२० वरून ३०० वर जायचे असेल तर २४२, २६६, २९३ असे टप्पे घेत चौथ्या आठवड्यात ३०० गाठावे. पी हळद अन् हो गोरी हा प्रकार कोरलला सोसत नाही, कारण झूझँथेलीची संख्या आणि तिच्यातली रंगद्रव्ये नव्या प्रकाशाशी जुळायला आठवडे लागतात. नवे फ्रॅग आणले तर ते आधी वाळूवर किंवा कमी पारच्या जागी ठेवून मग वर न्यावे. एका फ्रॅगसाठी साऱ्या टँकचा दिवा खालीवर करू नये.

प्रकाश जास्त होत असेल तर कोरल माथ्याकडून फिके पडू लागते, पॉलिप आत ओढून घेते आणि शेवटी पांढरे होते. कमी पडत असेल तर एसपीएस तपकिरी होतात, झोअँथिडचे देठ उजेडाकडे लांबतात, मशरूम पसरट होतात. पण याच खुणा इतर कारणांनीही दिसतात. नायट्रेट व फॉस्फेट फार वाढले तरी कोरल तपकिरी होते, ते शून्यावर गेले तरी फिके पडते, आणि पाणी तापले किंवा अल्कलिनिटी (पाण्याची आम्ल पेलण्याची क्षमता) एकदम चढली तरी ऊती गळतात. म्हणून आधी पाणी तपासावे, मग मीटर काढावा, आणि एका आठवड्यात एकच गोष्ट बदलावी. ज्या आठवड्यात मी प्रकाश वाढवतो त्या आठवड्यात अल्कलिनिटीच्या मात्रेला हात लावत नाही.

महाराष्ट्रातल्या वाचकांसाठी एक गोष्ट इथे सांगणे भाग आहे. मालवणच्या किनाऱ्यालगत खरे प्रवाळ आहेत आणि ओहोटीला ते हाताशीही येतात, पण दगडी प्रवाळांना २००१ पासून १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीचे संरक्षण आहे. त्यांचा तुकडा तोडून घरी आणणे हा गंभीर गुन्हा आहे, मग तो टँकमध्ये कितीही नीट जगवला तरी.

मीटर परत करण्यापूर्वी सेन्सर आणि वायर आरओच्या किंवा गोड्या पाण्याने धुऊन मऊ कापडाने पुसावी; टोपीवर मीठ वाळले तर पुढच्या माणसाचे आकडे कमी येतील. सहा महिन्यांनी मीटर पुन्हा मागवावा आणि भिंगे पुसण्याआधी एकदा व पुसल्यावर एकदा संदर्भबिंदू मोजावा. पुसल्यावरही आकडा जुन्या नोंदीपेक्षा बराच खाली असेल तर पाण्याचा पिवळेपणा, झाकणाची काच आणि दिव्याचा पंखा या क्रमाने तपासावे, कारण पंखा धुळीने अडला की दिवा तापतो आणि प्रकाश घटतो. संदर्भबिंदू जागेवर असूनही खालच्या कोरलचा आकडा पडला असेल तर वर पाहावे. वरच्या खडकावरचे मोंटिपोरा आता ताटाएवढे पसरलेले असते, आणि त्याची कड छाटून फ्रॅग करण्याची वेळ झालेली असते.